सन्माननीय दुसऱ्या ड्रायव्हरसाहेबांस

सा. न. वि. वि.

आपली एकदा गाठ पडावी ही माझी जुनी इच्छा. नागपूर-पुणे रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मी वर्षानुवर्षे ये-जा करतो, पण योग काही येत नाही. गणेशपेठेतल्या काउंटरवर दर खेपेला विचारतो, "दोन ड्रायव्हर आहेत ना?" पोरगा मोबाईलमधून मान वर न काढता सांगतो, "हाव ना काकाजी, दोन-दोन ड्रायव्हर आहे." मग मी निर्धास्तपणे खालच्या बर्थचा पडदा ओढून घेतो. आपण नेमके कुठे बसला आहात, असा आगाऊ प्रश्न कधी विचारला नाही. मोठी माणसे उठसूट दिसत नसतात.

कागदावर मात्र आपले स्थान पक्के. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरच्या कामाला दिवसाला ८ तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्याला फार तर १०. पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची उसंत आणि दोन ड्यूट्यांच्या मध्ये सलग ९ तासांची विश्रांती, हेही त्यातच होते. नागपूरहून पुणे सातशे किलोमीटरच्या वर. समृद्धी महामार्गाने संभाजीनगरपर्यंत, पुढे नगर रस्ता. पिकअप, जेवणाचा थांबा आणि वाघोलीची कोंडी धरली तर बारा-चौदा तास कुठे गेले नाहीत. म्हणजे पहिला ड्रायव्हर कायद्याने जिथे संपतो, तिथून आपण सुरू होता. सगळा हिशेब आपल्या जिवावर जुळतो.

आणि आपले गुण तरी किती गावे! आपल्याला पगार लागत नाही, भत्ता लागत नाही, ढाब्यावरची फुकट थाळी लागत नाही आणि मुख्य म्हणजे झोप लागत नाही.

पहिल्याचे तसे नाही, म्हणून तर हे पत्र. परवा पहाटे तीनच्या सुमारास मी केबिनपर्यंत गेलो. वाटले, ही आपली पाळी असेल, दर्शन घडेल. तर स्टिअरिंगवर संध्याकाळचाच माणूस. काच पूर्ण खाली, भणभण वारा, गालात तंबाखू, मांडीशी पाण्याची बाटली. अधूनमधून पाण्याचा हबका डोळ्यांवर. शेजारी क्लीनर पोरगा. त्याचे काम बोलत राहण्याचे. गावच्या गोष्टी संपल्या होत्या, म्हणून तो आता किलोमीटरचे दगड मोठ्याने वाचून दाखवत होता. ड्रायव्हरची मान ताठ, डोळे टक्क उघडे. पण डावा इंडिकेटर टक-टक करत चालूच राहिला होता आणि तो दोघांपैकी कुणालाही ऐकू येत नव्हता. मी सांगितल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "हो का?" आणि वायपर लावला. जुन्या रस्त्यावर निदान खड्डे तरी माणसाला जागे ठेवत. समृद्धीवर तीही सोय उरलेली नाही.

दिवसभर हा करतो काय, असे आपण विचाराल. आदल्या रात्री पुण्याहून गाडी आणतो. सकाळी ती धुवायची, मेकॅनिककडे न्यायची, ऑफिसचे फोन घ्यायचे. मग सामानाच्या डिकीचे झाकण उघडे टाकून आत आडवे व्हायचे, नागपूरच्या मे महिन्यात. कागदावर ही त्याची ९ तासांची विश्रांती.

१९९७ साली संशोधकांनी मोजून दाखवले की सलग १७ तास जागलेल्या माणसाचा हात-डोळा, रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखा चालतो. आपल्याकडे मर्यादा ३० ची. म्हणजे थेंबही न घेतलेला हा सज्जन दारूच्या नियमात बसत नाही आणि तरी नाक्यावरच्या नळीत फुंकर मारून तो खुशाल पुढे जातो. झोप मोजायची नळी निघालेली नाही. त्यात पहाटे दोन ते पाच ही शरीराने झोपेसाठीच राखून ठेवलेली वेळ. ताशी १०० च्या वेगात तीन सेकंद डोळा लागला, तर गाडी ८३ मीटर कुणाच्याही देखरेखीविना जाते. त्या ८३ मीटरांवर खरे तर आपण हजर असायला हवे होते.

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. युरोपात कधी नोकरी धरू नका. तिथे साडेचार तास गाडी हाकली की पाऊण तास थांबावे लागते आणि टॅकोग्राफ नावाचे यंत्र प्रत्येक ड्रायव्हरचे वेगळे कार्ड मागते. नुसत्या नावावर ते भागवून घेत नाही. आपल्यासारख्या निराकार माणसाची तिथे फार अडचण होईल.

इथे मात्र आपल्याला धोका कसला तो नाही. अपघात झाला की 'चालकाला डुलकी लागल्याचा प्राथमिक अंदाज' पेपरात येतो. गुन्हा पहिल्यावर दाखल होतो. तो वाचला तरी आणि न वाचला तरी. जखमींच्या यादीत आपण नसता, मृतांच्या यादीतही नसता. ज्याने आपल्याला नेमले आणि पहिल्याला डिकीत झोपवले, तोही कुठल्या यादीत सापडत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
खालच्या बर्थवरचा एक प्रवासी

ता. क. : शुक्रवारचे परतीचे तिकीट काढले आहे. या वेळी धीर करून काउंटरवर आपला मोबाईल नंबर मागितला. पोराने दिला तो पहिल्या ड्रायव्हरचा. मी म्हटले, "अरे, हा तर त्याचाच." तर म्हणाला, "दोघांचा एकच आहे काकाजी."