अविश्वासाचे दोन डबे

शेगावला पायी निघालेल्या माणसाला वऱ्हाडात कोणी कारण विचारत नाही. आमची अडचण अशी की आमच्याजवळ कारण होतं, आणि ते लांबलचक होतं. गावच्या शाळेतल्या वाचनालयाला पुस्तकं हवी होती. म्हणून मी आणि माझे मेव्हणे मलकापूरहून शेगावपर्यंत चालणार आणि दर किलोमीटरमागे नातेवाईक ठरलेली रक्कम देणार. परदेशात असं चालून लोक दवाखाने उभे करतात, असं मेव्हण्यांनी कुठंतरी वाचलं होतं. शिवाय त्यांनी नियम घातला की खिशात पैसा ठेवायचा नाही. "आणि मोबाईलमधला?" मी विचारलं. बऱ्याच खलानंतर ठरलं की फोन असू द्यावा, पण कुठल्याही टपरीवरच्या क्यूआर कोडसमोर तो धरू नये.

पुण्याच्या काकांनी दर कबूल केला, पण चहासाठी रस्ता सोडून आत गेलात तर ते अंतर धरणार नाही, असं बजावलं. काका ऑडिटमधून निवृत्त झालेत.

बिनपैशाचा नियम मेव्हण्यांचा नव्हता, उसना होता. सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोघं तरुण १ जून १९६२ रोजी दिल्लीत गांधीजींच्या समाधीपासून अण्वस्त्रांविरुद्ध चालायला निघाले, ते मॉस्को, पॅरिस, लंडन करत वॉशिंग्टनला पोचले. पैसे बरोबर नेऊ नका, हा सल्ला विनोबांचा. पाकिस्तानच्या हद्दीवर एका स्नेह्यानं काळजीपोटी शिध्याची पुडकी पुढं केली, तीसुद्धा सतीश कुमारांनी घेतली नाहीत. शिधा न्यायचा म्हणजे पलीकडच्या माणसांवरचा अविश्वासच पाठीवर न्यायचा, असं त्यांचं म्हणणं. हे मेव्हणे मला भक्तिभावानं सांगत होते. त्यांच्या पाठीवर अविश्वासाचे दोन डबे होते. एकात चिवडा, एकात शेंगदाण्याचे लाडू. बहिणीनं भरून दिलेले, त्यामुळे नाही म्हणण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

डबे शेवटपर्यंत उघडले गेले नाहीत, तो भाग वेगळा. दिवस गजानन महाराजांच्या प्रकटदिनाच्या आधीचे. खानदेशातून शेगावला निघालेल्या दिंड्या हायवेच्या कडेनं चाललेल्या, ट्रक हॉर्न वाजवत त्यांना वळसा घालून जाणारे. आमच्याजवळ ना पताका, ना टाळ, ना पांढरी टोपी. त्यामुळे जो तो कीव करून विचारी, "तुमची दिंडी पुढं गेली का?" आणि हातात चहा देई. वडनेर भोलजी येईतो मेव्हण्यांनी चहा मोजणं सोडलं होतं. नको म्हणून पाहिलं, तर "काऊन? शुगर हाय का?" हाव म्हटलं असतं तर बिनसाखरेचा आला असता.

सतीश कुमारांच्या गोष्टीतही चहा आहेच. जॉर्जियात चहाच्या कारखान्यातल्या एका बाईनं त्यांना चार पाकिटं दिली, चार अण्वस्त्रधारी देशांच्या प्रमुखांसाठी. बटण दाबावंसं वाटलं तर आधी हा चहा करून प्या, असा निरोप. ती बाई वडनेरची असती तर पाकिटावर भागवलं नसतं. क्रेमलिनमध्ये जाऊन, समोर बसून पाजून आली असती.

गावात एका ओट्यावर बसवून आमची चौकशी झाली. घरातले आजोबा योजना शांतपणे ऐकत होते.

"म्हंजे चालता तुमी, अन् पैसे देते तो?"

"हो."

"मंग तो काऊन नाही चालत?"

"ते पुण्याला असतात."

"पण द्यायचेच हाय त घरी बसून द्यावं ना त्यानं. तुमाले कायले चालवते?"

मेव्हणे म्हणाले, जनजागृती होते. आजोबांनी रस्त्याकडे पाहिलं. एक दिंडी टाळ कुटत चालली होती. "हे पहाटपासून सुरू हाय," ते म्हणाले, "जागृती कराले आता कोण उरलं?"

एवढ्यात आतून भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा आला. इथं मेव्हण्यांना गाडगेबाबा आठवले. बाबा मूळचे अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. १९०५ साली घर सोडलं, हाती खराटा घेतला, आणि गाव झाडल्याशिवाय भाकरीला हात लावला नाही. लोकांच्या पैशातून पंढरपूर-नाशिकला धर्मशाळा बांधल्या, स्वतः मात्र झोपडीत राहिले. (त्यांचा जन्म २३ फेब्रुवारीचा, आणि गजानन महाराज शेगावात दिसले तेही २३ फेब्रुवारीलाच, दोन वर्षांनी. दोघांचीही गाठ खरकट्या पत्रावळींशी. एक त्या उचलत, दुसरे त्यातली शितं वेचत.) तर मेव्हण्यांनी दारामागचा खराटा उचलला आणि अंगण झाडायला घेतलं. घरातल्या काकू थोडा वेळ पाहत राहिल्या, मग खराटा काढून घेतला. "राहू द्या भाऊ. म्या सकायीच झाडलं व्हतं. तुमी कचरा पसरून राह्यले."

जेवण झाल्यावर आजोबा आत गेले आणि दासगणूंची 'गजानन विजय' पोथी घेऊन आले. "घ्या, तुमच्या वाचनालयाले. घरात दोन हाय." काकांचा पहिला रुपया यायच्या आत वाचनालयाचं पहिलं पुस्तक आलं होतं. काकांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, ओटा रस्त्यापासून किती आत आहे?

पुढं नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान लांबूनच दिसायला लागतो. पायी चालणाऱ्याला त्याचा एकच त्रास, तो दिसतो पण येत नाही. पण ते पुढचं. आम्ही वडनेर सोडत होतो आणि काकू मागून हाका मारत आल्या. पदराच्या गाठीतून अकरा रुपये काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवले. "शेगावले जाता ना? महाराजाईच्या पेटीत टाका."

मेव्हण्यांनी नियम समजावून सांगितला. आम्ही पैसा बाळगत नाही.

"तुमचा कुठं हाय? माहा हाय."

यावर उत्तर नव्हतं. मी विचारलं, "नाव काय सांगू?"

"महाराजाईले ठाऊक हाय. तुमी फक्त टाका. अन् रस्त्यात त्याचा चहा नका पेऊ."