बुलेटच्या आधी भावकी पोचली

मुंबई-पुणे-हैदराबाद बुलेट ट्रेन ताशी 320 किलोमीटरने धावणार, असे कागद सांगतात. 711 किलोमीटरच्या त्या कागदी मार्गावर पंढरपूर आहे, सोलापूरही आहे. जमिनीवर मात्र आमच्याकडे अजून एक खांब नाही. तरीही तिचा वेग सोलापूरच्या शुक्रवार पेठेने पाहिला. मोबाइलवर नकाशा सकाळी आला आणि दुपारच्या चहापर्यंत पेठेतल्या निम्म्या घरांना आपण मूळचे शेतकरी असल्याचे आठवले.

पेठेतला माणूस गावाकडे जातो तो हुरड्याला. पोटभर खातो, येताना पोतंभर ज्वारी गाडीत टाकतो आणि "गावात राम राहिला नाही" म्हणत परततो. बांध कुठला, विहिरीत वाटा किती, हे त्याला ठाऊक नसते. पण आजोबा गेल्यावर वारसांची नोंद झालेली असते, त्यामुळे सातबाऱ्यावर नाव शाबूत. शेत कसतो चुलतभाऊ. सोसायटीचे कर्ज त्याच्या डोक्यावर, रात्रीच्या लाइटला पाण्याची दारं मोडायला तोच. कालपर्यंत पेठेत त्याचा उल्लेख "बिचारा" असा व्हायचा. नकाशा आला आणि बिचारा एकदम "सगळं दाबून बसलेला" झाला.

गंमत म्हणजे मोबाइलवर ती रेघ बोटाएवढी जाड दिसते. तेवढ्या जाडीत सहज तीन गावे बसतात, म्हणून तिन्ही गावांच्या भावक्या जाग्या झाल्या. बुलेटला प्रत्यक्षात पट्टा लागतो साधारण साडेसतरा मीटरचा. तो कुणाच्या शेतातून जाणार हे ठरायचे आहे, वाटण्या मात्र ठरल्या आहेत. बहिणींनाही वाटा असतो, हे भावांना कळावे म्हणून कायदा बदलून पाहिला, कोर्टाने सांगून पाहिले. बुलेटने ते एका दुपारी करून दाखवले. हक्कसोडपत्रावर सही हवी म्हणून बहिणींना इतके प्रेमळ फोन गेले, की दोघीतिघींनी "आईची तब्येत बरी आहे ना?" असे घाबरून विचारले.

चहाच्या टपरीवर सध्या 2013 चा भूसंपादन कायदा तोंडपाठ आहे. ग्रामीण जमिनीला बाजारभावाच्या दुपटीपर्यंत गुणक आणि वर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे चौपट! इथवर सगळ्यांचे डोळे चमकतात. मग कुणीतरी विचारतो, "चौपट कशाच्या?" शांतता. कारण भाव धरताना रेडी रेकनर बघतात आणि आसपासचे तीन वर्षांतले खरेदीदस्त बघतात. आणि मुद्रांक शुल्क वाचवायला दस्तावर खऱ्या किमतीच्या निम्मा आकडा घालायची हुशारी गावोगाव आपणच केलेली. सरकार आता नम्रपणे आपलीच सही दाखवणार.

यावर तोडगा म्हणून डाळिंब आहे. फळझाडाचा, विहिरीचा, शेडचा मोबदला वेगळा मिळतो. त्यामुळे जिथे कुसळ उगवत नव्हते त्या माळावर रोपे लावायचे बेत आहेत. पत्र्याच्या शेडचे तर विचारू नका. त्यात म्हैस कधी येणार, हे म्हशीलाही माहीत नाही.

ज्याचे पोट त्या तुकड्यावर आहे, तो या बैठकांना येत नाही. त्याचा हिशेब निराळा. पट्टा मधून गेला तर विहीर अलीकडे आणि ऊस पलीकडे. पाइपलाइन तुटणार. उरलेल्या त्रिकोणी तुकड्यात बैलसुद्धा नीट वळणार नाही. प्राथमिक अधिसूचना निघाली की व्यवहार बंद, हे कायद्यातच आहे. पण अधिसूचनेच्या आधीच गिऱ्हाईक पळालेले असते. मुलीच्या लग्नाला एकर विकावा तर घेणारा म्हणतो, "बुलेटचं काय ते कळू द्या." कळणार कधी? मुंबई-अहमदाबाद बुलेटचा मुहूर्त 14 सप्टेंबर 2017 ला झाला आणि गाडी 15 ऑगस्ट 2022 ला धावणार होती. ती तारीख येऊन गेली, गाडी आली नाही.

आणि या बाबतीत आमचा जिल्हा अनुभवी आहे. उजनीने भीमाकाठची गावे पोटात घेतली. आज त्या धरणाचे पाणी पेठेच्या नळाला रोज येत नाही, पण 320 च्या वेगावर चर्चा रोज होते. बोरामणीला विमानतळासाठी शेकडो हेक्टर जमीन घेतली. विमान शेवटी होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरूनच उडाले, त्यासाठी जून 2023 मध्ये वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली. बोरामणीच्या शेतकऱ्याने वर बघून हात हलवावा, एवढी सोय झाली. सुरत-चेन्नई महामार्गाने तर कमाल केली: रस्ता व्हायच्या आधीच मोबदल्यासाठी शेतकरी रस्त्यावर आले.

परवा पेठेतली एक भावकी गाडी करून गावाला गेली. हुरडा नसताना पाहुणे आले म्हणून चुलतभाऊ आधी गोंधळला. मग कागद निघाले, नकाशा निघाला, कुणाला किती याचे गणित निघाले. त्याने सगळे ऐकून घेतले, चहा दिला आणि म्हणाला, "दादा, वाटा घ्या की, कोण न्हाई म्हणतंय. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा बी हाय. त्यो आधी वाटून घ्यू."

त्यावर पाहुण्यांना एकदम आठवले, की अंधार व्हायच्या आत सोलापूर गाठायला हवे.