चोच कशी होती?

स्वप्नात साप आला तर काम सोपं असतं. साप म्हणजे साप. तो नाग होता की धामण, असं कुणी विचारत नाही. दात पडला, पूर आला, वरात निघाली, सगळ्यांचे अर्थ घरोघरी ठरलेले आहेत. पक्षी आला की मात्र आमच्याकडे चौकशी समिती बसते. कारण अर्थ लावण्याआधी तो ओळखावा लागतो, आणि जमिनीच्या वाटणीवरूनही आमच्या घरात इतके वाद झालेले नाहीत.

परवा माझ्या स्वप्नात सोसायटीची वार्षिक सभा भरली. अध्यक्षांच्या खुर्चीत एक पक्षी बसून मागच्या सभेचं इतिवृत्त वाचत होता. कुणीही हरकत घेतली नाही, त्यावरूनच ते स्वप्न होतं हे सिद्ध होतं. सकाळी चहा घेताना मी हे बोलून गेलो.

“काळा होता?” आत्यानं विचारलं. होता. “मग कावळा. आपले अण्णा आले होते. इच्छा राहिलीय त्यांची.” आत्याच्या शास्त्रात पक्षी कोणताही असो, शेवटी आजोबांची इच्छा राहिलेली असते आणि ती इच्छा बहुतेक वेळा आत्याला काशीला नेण्याची असते.

त्यातल्या त्यात घुबड नव्हतं, हे बरं. घुबडाच्या बाबतीत आपला हिशेबच मला कळत नाही. लक्ष्मी घरात यावी, पण तिनं वाहन मात्र गेटाबाहेर लावावं! बंगालात पांढरं घुबड घरात आलं तर लक्ष्मीच आली म्हणून आनंद करतात. म्हणजे हावडा मेलमध्ये झोपलेल्या माणसाला घुबड दिसलं, तर गाडी तेव्हा कोणत्या स्टेशनात होती हे आधी पाहायला हवं.

वाद वाढू नये म्हणून मी फ्रॉइडला मध्ये आणलं. सात-आठ वर्षांचा असताना त्याच्या स्वप्नात चोचवाली माणसं आली आणि त्याच्या झोपलेल्या आईला उचलून पलंगावर ठेवू लागली. तो ओरडत उठला. पुढं मोठेपणी त्यानं त्या चोचींचं मूळ घरातल्या सचित्र बायबलात शोधलं आणि उरलेला अर्थ असा लावला, की तो मी आत्यासमोर सांगितला नाही.

“एवढा मोठा होईपर्यंत थांबला?” आत्या म्हणाली. “त्याला आत्या नव्हती वाटतं.”

तेवढ्यात बायकोला आठवलं की मी पंख तांबूस होते असंही म्हणालो होतो. “अहो, मग तो भारद्वाज!” भारद्वाज दिसणं शुभ. नुसत्या दर्शनानं दिवस चांगला जातो, तर इतिवृत्त वाचणाऱ्या भारद्वाजानं निदान एखादा तोळा तरी द्यायला हरकत नव्हती. तिनं लगेच सोन्याचा भाव पाहिला आणि फोन उपडा ठेवला.

भाचा पक्षीनिरीक्षक आहे. राज्यपक्षी हरियाल कुणाच्याच स्वप्नात येत नाही, याचं त्याला वाईट वाटतं. (सरकारी हुद्दा मिळाल्यावर स्वप्नात येणं बंद होत असावं.) त्यानं वही काढली. “मामा, चोच कशी होती? डोळे लाल होते?”

“चष्मा होता.”

“आवाज? खोल, घुमणारा, कूप-कूप-कूप?”

“‘थकबाकीदारांनी नोंद घ्यावी’ असा.”

फोटो नसल्यामुळे नोंद ग्राह्य धरता येत नाही, असा त्यानं निकाल दिला. तरी जाता जाता सांगितलं, की भारद्वाज कोकिळेच्या कुळातला, पण आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात ढकलत नाही. घरटं स्वतः बांधतो, पिल्लंही स्वतःच वाढवतो.

आत्या विचारात पडली. “स्वतः करतो? मग ते अण्णा नव्हेत. अण्णांनी जन्मात पाण्याचा पेला हातानं घेतला नाही.”

मी सुटकेचा श्वास सोडला.

“म्हणजे ती आई असणार,” आत्या म्हणाली. “तिलाही काशीला जायचंच होतं.”