मूळ गाव अमेरिका

मराठी माणसाला नवा माणूस भेटला की नुसतं नाव पुरत नाही. "गाव कोणतं?" हे दुसऱ्याच वाक्यात येतं. समोरचा "पुणं" म्हणाला तरी सुटका नाही, "ते झालं हो, पण मूळ गाव?" ते एकदा कळलं की बाकीचे रकाने आपला माणूस स्वतःच भरतो. आमटीत गूळ पडणार की नाही, रस्सा किती झणझणीत लागेल, 'येतोय' म्हणणार की 'येऊन राहिलो', सगळं त्याला न विचारताच ठाऊक.

संगणकाचंही अगदी असंच आहे. नवा लॅपटॉप पहिल्यांदा उघडला की तो देश विचारतो, भाषा विचारतो. पण त्या वेळी आपल्याला वायफायचा पासवर्ड शोधायची घाई. समोर जे आधीपासून निवडलेलं असेल त्यावर 'नेक्स्ट' दाबून आपण मोकळे होतो, आणि ते बहुतेकदा 'इंग्लिश, युनायटेड स्टेट्स' असतं. झालं! सांगलीतल्या हळदीच्या पेढीवरचा लॅपटॉप त्या क्षणापासून अमेरिकेचा रहिवासी. ना व्हिसा, ना मुलाखत. मग तोही रकाने भरू लागतो: तारीख कशी वाचायची, स्वल्पविराम कुठे द्यायचा, चलन कोणतं, दशांशाचं चिन्ह कोणतं.

सिनेमा बघण्यापुरतं या नागरिकत्वाने कुणाचं काही बिघडत नाही. महिनाअखेरचा रिपोर्ट काढायला बसलं की मात्र ते उघडं पडतं.

सगळ्यात आधी तारीख. ०३/०४ असं लिहिलं की आपल्याला तीन एप्रिल दिसतो, अमेरिकेला चार मार्च. नुसता महिन्याचा फरक असता तर चालवून घेतलं असतं. पण आपल्याकडे या दोन तारखांच्या मधे एकतीस मार्च उभा असतो. तीन एप्रिलचं बिल नव्या आर्थिक वर्षातलं, चार मार्चचं जुन्या. दिवस आणि महिन्याची अदलाबदल झाली की विक्री उठून मागच्या वर्षात जाऊन बसते, तिच्यामागे जीएसटी जातो, आणि दोघांच्या मागे ऑडिटर येतो.

बरं, चूक सरसकट झाली असती तर लगेच कळली तरी असती. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमधून काढलेली फाइल असल्या अमेरिकन लॅपटॉपवर एक्सेलमध्ये उघडा आणि तारखांचा रकाना जरा निरखून बघा. १ ते १२ तारखेची बिलं उजवीकडे चिकटलेली असतात, १३ पासूनची डावीकडे. एक्सेलची पद्धतच आहे ती: आकडा किंवा तारीख म्हणून जे कळलं ते उजवीकडे, जे कळलं नाही ते नुसता मजकूर समजून डावीकडे. तेरावा महिना त्याला कुठे सापडत नाही, म्हणून तेरा तारखेला तो हात वर करतो. नवखा माणूस डावीकडच्या ओळी बघून म्हणतो, "या बिघडल्यात." खरं तर त्याच धडधाकट आहेत. बिघडल्यात त्या उजवीकडच्या, शहाण्यासारख्या रांगेत उभ्या असलेल्या. हिशेबच करायचा तर वर्षातल्या १४४ तारखा अशा दोन्ही बाजूंनी वाचता येतात. त्यातल्या १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा १२ तारखा उलट वाचल्या तरी त्याच राहतात. उरल्या १३२. इतक्या दिवशी सॉफ्टवेअर चुकू शकतं, आणि चुकताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही.

तशी एक्सेलला तारीख ही चीज मुळात उमगतच नाही. त्याच्या लेखी ती एक संख्या असते. १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि तिथून पुढे रोज एकाची भर. १५ ऑगस्ट १९४७ हा त्याच्या वहीत १७३९४ असतो, आणि महाराष्ट्र राज्य झालं तो १ मे १९६० म्हणजे २२०३७. हुतात्मा चौकातल्या स्मारकावर हा आकडा कोरला नाही हे बरंच झालं. १९०० च्या अलीकडे सगळं ठीक चालतं. पलीकडे मात्र अंधार. ६ जून १६७४ ही शिवराज्याभिषेकाची तारीख लिहून बघा. एक्सेल ती तारीख म्हणून घेतच नाही, मजकूर समजून डावीकडे ढकलतं. उलट २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख त्याला बिनदिक्कत मान्य आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, त्यामुळे असा दिवस जगात उगवलाच नाही. पण लोटस वन-टू-थ्री नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरने तो धरला होता, त्याच्या फायलींशी हिशेब जुळावा म्हणून एक्सेलनेही धरला. न उगवलेला दिवस चालतो, झालेला राज्याभिषेक चालत नाही!

स्वल्पविरामाचं दुखणं वेगळं. १२,५००,००० हा आकडा समोर आला की आपली नजर अडखळते. आमच्या अकाउंट्समधले एक काका अशा वेळी पेनाचं टोपण काढतही नाहीत. टोपणाचं टोक उजव्या शून्यावर ठेवून ओठातल्या ओठात सुरू करतात: "एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी." टोक डाव्या एकावर पोचलं की मान वर. "सव्वा कोटी." पलीकडून मॅनेजरबाई म्हणतात, "काका, ट्वेल्व्ह पॉइंट फाइव्ह मिलियन म्हणा ना सरळ." त्यावर काका, "मॅडम, मिलियन तुमचे. मी बँकेत सव्वा कोटी भरलेत."

विंडोजच्या रिजन सेटिंगमध्ये १२,३४,५६,७८९ असा आपला नमुना निवडायची सोय आहे. एकदा निवडला की लाख-कोटी जागच्या जागी बसतात. पण कचेरीतल्या निम्म्या संगणकांवर ते झालेलं असतं आणि निम्म्यांवर नसतं. मग एकाच फाइलच्या दोन प्रिंट दोघांच्या हातात येतात, एकीवर १,२५,००,००० आणि दुसरीवर १२,५००,०००. मीटिंगची पहिली पंधरा मिनिटं दोन्ही आकडे एकच आहेत हे सिद्ध करण्यात जातात. त्याला पुढे कार्यवृत्तात 'सविस्तर चर्चा' म्हणतात.

चलनाची तऱ्हा तर विचारूच नका. एक्सेलमध्ये चलनाची काही रूपं अशी असतात की ती संगणकाच्या देशाप्रमाणे आपोआप बदलतात. न्यूजर्सीतल्या माणसाने हजार डॉलर लिहून पाठवले, की तीच फाइल नाशकात उघडल्यावर हजार रुपये दिसतात. रक्कम तीच, नुसतं चिन्ह बदललं. रुपया आणि डॉलर बरोबरीला आणायचं काम कुठल्याही अर्थमंत्र्याला जमलं नाही, ते इथे दोन क्लिकांत होतं.

आणि हे दुखणं फक्त अमेरिकेकडूनच येतं असं नाही. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात जर्मन कंपन्यांचे कारखाने आहेत. जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब. म्हणजे पुण्यात १,२५० किलो लिहिलं की साडेबाराशे किलो. तेच जर्मन डोळ्यांना सव्वा किलो. रकान्यांमध्ये स्वल्पविराम घालून बनवायची ती सीएसव्ही फाइलसुद्धा तिथलं एक्सेल अर्धविराम घालून बनवतं, कारण स्वल्पविराम दशांशाच्या कामात अडकलेला. त्याहून बहारीची गोष्ट म्हणजे जर्मन तारखेत दिवस आणि महिन्यामध्ये टिंब असतं. त्यामुळे आपण १.५ टन असा आकडा धाडला, की जर्मन सेटिंगवरचं एक्सेल तो १ मे म्हणून वाचतं. तिकडेही १ मेला सुट्टी असते. दीड टन माल राहतो बाजूला आणि पोचते ती सुट्टी.

एखाद्याला वाटेल, हे सगळं आपल्यासारख्या सामान्यांपुरतं. शास्त्रज्ञांची काय ही गत होणार? तर त्यांचीही झाली. मानवी जनुकांमध्ये काहींची लघुनावं 'मार्च वन', 'सेप्ट टू' अशी होती. एक्सेलमध्ये ती टाइप केली की १ मार्च आणि २ सप्टेंबर. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असं आढळलं की जनुकांच्या याद्या एक्सेल फायलींमधून जोडणाऱ्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात ही गफलत शिरलेली होती. शेवटी २०२० साली जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नवे नियम जाहीर केले, आणि 'मार्च वन'चं 'मार्च एफ वन', 'सेप्ट टू'चं 'सेप्टिन टू' झालं. हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायची कळ एक्सेलने २०२३ मध्ये दिली. तोवर जनुकांचं बारसं दुसऱ्यांदा उरकलं होतं.

आता कुणी म्हणेल, मग सरळ मराठी निवडावी, प्रश्न मिटला. मिटत नाही. पॉवर बीआयसारख्या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मेनूची भाषा वेगळी आणि आकडे-तारखा वाचायची रीत वेगळी, दोन्हींची बटणं वेगळ्या ठिकाणी. शिवाय मराठीत गेल्यावर नवीनच मंडळी भेटतात. पगारपत्रक नावांनुसार लावायचं झालं तर आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या मागून येतो आणि क्ष, ज्ञ अगदी शेवटी. संगणक ज्याने अक्षरं ओळखतो त्या युनिकोडच्या क्रमात मात्र ळ ला ल शेजारी जागा मिळाली आहे, आणि क्ष तर स्वतंत्र अक्षरच नाही. तो क ला हलन्त आणि ष जोडून बनतो. नुसत्या त्या क्रमाने यादी लावली तर काळे हे काशीकरांच्या आधी येतात, आणि जन्मभर हजेरीत शेवटून पहिले असणारे क्षीरसागर एकदम खऱ्यांच्या वर जाऊन बसतात. पगार वाढला नाही तरी नंबर वर गेला, हेही नसे थोडके.

राहता राहिली वेळ. पॉवर बीआयचा रिपोर्ट क्लाउडवर चढला की त्याचं घड्याळ युटीसीवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. त्यामुळे पहाटे साडेपाचपर्यंत रिपोर्टातला 'आज' हा आपला काल असतो. रात्रपाळीचा सुपरवायझर पहाटे चारला आजचं उत्पादन बघायला जातो आणि त्याला कालचंच दिसतं. यात रागवण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. आपल्या पंचांगातही वार सूर्योदयाला बदलतो. त्या हिशेबाने सर्व्हर आपल्या आजोबांच्या मताचा निघाला. आणि घड्याळाच्या बाबतीत आपण तरी कुठे एकमताचे? १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईने ती मुकाट्याने घेतली नाही. स्वतःचा ३९ मिनिटं मागचा 'बॉम्बे टाइम' तिने पुढे कित्येक वर्षं जपला.

इतकं सगळं बघितल्यावर माझा सॉफ्टवेअरवरचा राग मावळतो. त्याने काही वाकडेपणा केलेला नसतो. चाकणहून आलेली फाइल, न्यूजर्सीहून आलेली फाइल आणि सांगलीच्या पेढीवरची फाइल ते एकाच रीतीने वाचतं, कारण त्याला माहीत असलेलं गाव एकच असतं: ते ज्या यंत्रावर चाललंय त्याचं. खरी गरज असते ती आकड्याचं गाव विचारायची. हा आकडा कुठून आला, कुणी लिहिला, लिहिताना त्याच्या मनात लाख होते की मिलियन? पॉवर बीआयमध्ये आणि एक्सेलच्या पॉवर क्वेरीत रकान्याचा प्रकार बदलताना 'युझिंग लोकेल' असा एक पर्याय असतो, तो नेमका एवढ्याचसाठी. आपण कुठले हे त्यात सांगायचं नसतं. रकान्यातला माल कुठला, ते सांगायचं. मेनूच्या तळाशी असल्यामुळे तिथवर फारसं कुणी जात नाही.

कारकुनाच्या हाती कागद होता तेव्हा ०३/०४ वाचून तो उठून विचारायला यायचा, "साहेब, ही तारीख नक्की कुठली?" त्याच्या त्या शंकेने वेळ जायचा, चिडचिड व्हायची, पण विक्री जागची हलायची नाही. सॉफ्टवेअर शंका विचारत नाही. विचारायचं काम आता आपल्याकडे आलं आहे.

तेव्हा एवढंच करा. फाइल दुसऱ्याला पाठवताना महिना अक्षरांत लिहा: ३ एप्रिल २०२५. यंत्रासाठीच लिहायचं असेल तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे २०२५-०४-०३. १९८८ पासून हाच आंतरराष्ट्रीय संकेत आहे आणि तो उलटा कुणी वाचत नाही. रकमेच्या रकान्यावर 'रुपये लाखांत' किंवा 'डॉलर मिलियनमध्ये' असं स्पष्ट लिहा. आणि दुसऱ्याची फाइल आली की एकतीस मार्चच्या आत तारखांच्या रकान्याची डावी-उजवी बाजू एकदा तपासा. एप्रिलमध्ये तपासणारा माणूस ऑडिटर असतो, आणि तो पैसे घेतो.