माल परत नेणार का?

(रंगमंचाच्या मधोमध एक टेबल. हाच गल्ला. त्यावर तराजू, पत्र्याचा डबा, डब्याच्या झाकणावर एक जाडजूड पुस्तक आणि बाजूला लाल कापडी बांधणीची वही. तिशीच्या आतला तरुण येतो. गळ्यात टाय, पाठीवर सॅक. टेबलाच्या पुढे उभा असला की तो स्वतः. मागे गेला आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला की अण्णा.)

मंडळी, तुमच्यापैकी ज्यांनी तिकीट काढलंय ते आमच्या भाषेत 'कस्टमर'. जे पासवर आलेत ते 'फ्री सॅम्पल'. आणि ज्यांना बायकोनं ओढून आणलंय, त्यांच्यावर झाला तो प्रकार म्हणजे 'इन्फ्लुएन्सर मार्केटिंग'.

माझं शिक्षण एमबीए, मार्केटिंग. पुण्यात. दोन वर्षं. खर्च साडेसात लाख, हॉस्टेल आणि मेस धरून. आणि प्रगती म्हणाल तर... (टेबलाच्या मागे जातो) इथून... (वळसा घालून पुढे येतो) इथपर्यंत.

हसू नका. आमचं बार्शीला किराणा दुकान आहे. मी जन्मलो, वाढलो गल्ल्याच्या आतल्या बाजूला. शिकलो, टाय बांधला, आणि आता त्याच गल्ल्याच्या बाहेरच्या बाजूला उभा राहून स्वतःच्या बापाला, अण्णांना, विचारतो, "सर, आज काही ऑर्डर?" तीन फुटांचं टेबल ओलांडायला साडेसात लाख. फुटाला अडीच लाख! एवढा भाव बार्शीत चौकातल्या गाळ्यालाही नाही.

तुम्ही विचाराल, मार्केटिंगच का? कॉलेजात पर्याय तीन. फायनान्सला गणित लागतं. एचआरला माणसं आवडावी लागतात. उरलं ते मार्केटिंग.

पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर लिहिलं, 'मार्केटिंग म्हणजे विकणं नव्हे.' आम्ही साठ जणांनी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. दोन वर्षांनी प्लेसमेंटला पहिली कंपनी आली. तिचा पहिला प्रश्न, "हा पेन आम्हाला विकून दाखवा."

(पुस्तक उचलतो. तोल जातो.)

हे फिलिप कोटलर. 'मार्केटिंग मॅनेजमेंट'. पहिली आवृत्ती 1967 ची, तेव्हापासून पुस्तक जाड होत गेलं आणि विद्यार्थी बारीक. मी सुट्टीत हे घरी आणलं. अण्णांनी हातात घेतलं, (मागे जातो, चष्मा ओढतो, पुस्तक तराजूत टाकतो) "पावणेदोन किलो. काय भावानं पडलं?" मी किंमत सांगितली. अण्णा म्हणाले, "एवढ्यात बदाम आले असते. त्यानं निदान डोकं चाललं असतं."

तेव्हापासून कोटलर साबुदाण्याच्या डब्यावर. झाकण उडू नये म्हणून. आयुष्यात एवढा थेट उपयोग त्या पुस्तकाचा मीसुद्धा केलेला नाही.

पण मी हार मानली नाही. म्हटलं, अण्णा, मार्केटिंगचे चार पी असतात. 1960 साली मॅकार्थी नावाच्या प्राध्यापकानं सांगितले. प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. पुढे 1981 मध्ये सेवाक्षेत्रासाठी अजून तीन जोडले. एकूण सात.

(अण्णा) "आमचा एकच."

"कुठला?"

"परत."

"परत?"

"न्हाई खपलं तर परत नेणार का?"

मंडळी, मी कोटलर पुढून मागून पाहिला. हा पी त्यात नाही!

मग मला वाटलं, अण्णांना मोठी उदाहरणं द्यावीत. म्हणजे त्यांची छाती दडपेल. (वर बोट दाखवतो) आमच्या गल्ल्यावर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा टांगलेल्या असतात. तोरणासारख्या. म्हटलं, अण्णा, ही साधी पुडी नाही, ही केस स्टडी आहे. तमिळनाडूत कडलूरला सी. के. रंगनाथन नावाच्या तरुणानं 1983 मध्ये पंधरा हजार रुपयांवर धंदा सुरू केला. बाटली परवडत नाही त्यालाही शाम्पू मिळावा म्हणून पुडीतला 'चिक' शाम्पू काढला. पुडीची कल्पना मूळ त्याच्या वडिलांची, चिन्नी कृष्णन यांची. म्हणून बापाच्या नावाची अक्षरं घेऊन शाम्पूचं नाव 'चिक'!

(अण्णा, बराच वेळ माळेकडे बघत) "बघ. पोरगं असावं तर असं. बापाचं नाव गावोगाव टांगलं. तू काय करतोस?"

"अण्णा, मी प्रेझेंटेशन करतो."

मग निरमा सांगितलं. अहमदाबादचे करसनभाई पटेल, 1969. सरकारी नोकरी सांभाळून घरच्या घरी पावडर बनवली, सायकलवर फिरून विकली. नाव लेकीच्या निरुपमा या नावावरून.

अण्णांनी एकच विचारलं, "ही दोघं मार्केटिंग शिकल्याली का?"

आता काय सांगू? दोघेही केमिस्ट्रीचे पदवीधर! आणि मी? बारावीला केमिस्ट्रीत पस्तीस पडले, म्हणून मार्केटिंगला आलो.

(सॅक खाली ठेवतो.)

तर मार्केटिंग शिकून पुढे काय होतं? आमच्या बॅचचाच हिशोब देतो. एक जण ब्रँड मॅनेजर झाला. मुंबईत काचेच्या इमारतीत बसतो. सहा महिने त्याच्याकडे एकच काम होतं, साबणाच्या वेष्टनावरचा हिरवा रंग 'पुरेसा आशावादी' आहे का ते ठरवणं. दुसरी मार्केट रिसर्चला गेली. मॉलच्या दारात उभं राहून बायकांना विचारते, "ताई, तुम्ही फरशी पुसता तेव्हा तुम्हाला काय वाटतं?" एक ताई म्हणाली, "वाटतं, नवऱ्यानं पुसावी." हे उत्तर फॉर्ममध्ये बसेना, म्हणून 'इतर' मध्ये टाकलं. तिसरा बँकेत. लॉकर मागायला आलेल्या आजोबांना तो वीस वर्षांची विमा पॉलिसी समजावतो. चौथा डिजिटल मार्केटिंगला. एका दातांच्या डॉक्टरांचं इन्स्टाग्राम सांभाळतो. अक्कलदाढेची रील बनवतो. म्हणतो, "लोक लाइक करतात, पण दाढ काढायला येत नाहीत."

आणि मी, 'टेरिटरी सेल्स इन्चार्ज'. नाव ऐकून आईला वाटलं मी सीमेवर लढायला चाललोय. टेरिटरी कुठली? बार्शी, माढा, करमाळा, परांडा, भूम. वाहन? स्वतःची मोटारसायकल. शस्त्र? ओट्स.

हो. ओट्स. बार्शीत!

ज्या तालुक्यात माणूस सकाळी ज्वारीची भाकरी कुस्करून वर शेंगांची चटणी टाकतो, तिथे मी ओट्स विकायला. कॉलेजात आम्हाला 1994 ची केलॉग्जची गोष्ट शिकवली होती. कॉर्नफ्लेक्स घेऊन आले, कुरकुरीतपणाची जाहिरात केली. आणि आपल्याकडे दूध म्हणजे गरम! गरम दुधात फ्लेक्सचा झाला लगदा. या गोष्टीवर मला परीक्षेत दहापैकी नऊ मार्क होते. त्याच नऊ मार्कांच्या जोरावर मला नोकरी मिळाली, आणि नोकरीत मला सांगितलं, "जा, ओट्स विक."

आता आमच्या धंद्यातली खरी गोम सांगतो. कंपनीनं वितरकाला माल दिला, ती 'प्रायमरी'. वितरकानं दुकानदाराला दिला, ती 'सेकंडरी'. महिनाअखेरीला साहेबांचा फोन येतो...

(फोन कानाला) "प्रायमरी किती? सेकंडरी किती? क्लोजिंगला चारशे बॉक्स पाहिजेत!"

दोन वर्षं शिकलो, तीन वर्षं विकतोय, पण तिसरा प्रश्न मला एकाही साहेबानं विचारलेला नाही. तो विचारला अण्णांनी.

(अण्णा) "ते सगळं ऱ्हाऊ दे. खाल्लं कुणी?"

मंडळी, शांतता! चारशे बॉक्स पुण्याहून निघाले, वितरकाच्या गोदामात गेले, दुकानाच्या फळीवर चढले, माझा इन्सेंटिव्ह झाला, साहेबांचं प्रमोशन झालं, आणि ओट्स? ओट्स अजून फळीवर. त्यांना कुणी खाल्लंच नाही! फक्त उंदरानं एक बॉक्स फोडला, वास घेतला आणि शेजारच्या शेंगदाण्याच्या पोत्याकडे गेला. तो आमच्या टेरिटरीतला एकमेव प्रामाणिक फीडबॅक.

मग 2023 उजाडलं. संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेलं आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष! आमच्या कंपनीत बैठक झाली. साहेब भारावून म्हणाले, "आपल्याला एक सुपरफूड सापडलंय. ग्लूटेन नाही. फायबर भरपूर. ग्राहकाला याची माहितीच नाही. नाव आहे... ज्वारी."

आणि मला पाठवलं. बार्शीला. ज्वारी विकायला! दोनशे चाळीस ग्रॅमचा पुडा, वर भाकरी थापणाऱ्या बाईचं चित्र, आत फ्लेक्स.

मी गल्ल्यापुढे पुडा ठेवला. अण्णांनी उलटून पालटून पाहिला. हात मागे नेऊन पोत्यातली मूठभर ज्वारी काढली, पुड्याशेजारी ठेवली. कधी हिच्याकडे बघतायत, कधी त्याच्याकडे. शेवटी हलकेच म्हणाले, "शिकून आल्याली दिसती."

(सॅक उचलतो, परत ठेवतो. आवाज उतरतो.)

परवा एकतीस तारीख होती. क्लोजिंग. मला दोन बॉक्स कमी पडत होते. अख्खी बार्शी फिरलो. जिकडेतिकडे पाटी, 'आज रोख, उद्या उधार'. काय टॅगलाइन आहे! वचन दिलंय, आणि पाळायची वेळ कधीच येत नाही. आमच्या एजन्सीला लाखो रुपये देऊन सुचणार नाही.

शेवटी रात्री साडेनऊला घरी... म्हणजे दुकानात. म्हटलं, अण्णा, फक्त दोन बॉक्स.

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी ही वही काढली. (लाल वही उचलतो.) ही उधारीची वही. कॉलेजात मला 'कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट' शंभर मार्कांना होतं. या वहीत कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाचा पगार लांबलाय, कुणाचा कांदा पडत्या भावात गेलाय, सगळं आहे. शेवटच्या पानाशी येऊन ते थांबले. पानावर माझं नाव. चिरंजीव अमुक. खाली बारीक अक्षरात: 'मार्केटिंग. रुपये सात लाख पन्नास हजार. येणे.'

(अण्णा, पेन्सिल जिभेला लावत) "दोन बॉक्सचं किती?"

"नऊशे साठ."

"वळतं करतो. बाकी सात लाख एकोणपन्नास हजार चाळीस. दर महिन्याला दोन बॉक्स टाकत जा."

मी मनातल्या मनात भागाकार केला. सातशे एक्याऐंशी महिने. पासष्ट वर्षं! आम्हाला एक फॉर्म्युला होता, 'कस्टमर लाइफटाइम व्हॅल्यू'. म्हणजे एक गिऱ्हाईक जन्मभरात आपल्याला किती देतं. परीक्षेत सुटला नव्हता. त्या रात्री सुटला.

माझा गळा दाटला. म्हटलं, "अण्णा, आणि खपले नाहीत तर... मी परत नेईन. शब्द देतो."

(मागे जातो. चष्मा ओढतो. वही मिटतो.)

"ऱ्हाऊ दे. साडेसात लाख भरून पुण्याला पाठवल्याला माल बार्शीलाच परत आला. मी कुणाकडं तक्रार केली का?"

(कोटलर उचलून साबुदाण्याच्या डब्यावर नीट बसवतो. दिवा मालवतो. अंधार.)