बार भरेपर्यंत

पहिली ठासणीची बंदूक कोणती घ्यावी, हा प्रश्न जालना जिल्ह्यात शिकारीच्या अंगाने विचारण्यात अर्थ नाही. शिकारीचा शौक १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद केला, आणि काळवीट तर त्यातल्या पहिल्याच अनुसूचीत जाऊन बसले आहे. तरी प्रश्न उरतोच. ज्याच्यामुळे बंदुकीची आठवण होते तो रोही कायदा न वाचताच भोकरदन-जाफराबादच्या शिवारात उतरतो आणि हरभरा काय, तूर काय, भेदभाव करत नाही. नीलगाय हे त्याचे पुस्तकी नाव. त्या नावातल्या 'गाय' या शब्दाने त्याचे जेवढे रक्षण केले तेवढे वनखात्यानेही केले नसेल. तेव्हा प्रश्न पीकराखणीचा धरू, आणि माझे उत्तर आधीच सांगून टाकतो: जी बंदूक भरायला सर्वांत जास्त वेळ खाते, तीच घ्यावी.

हे उत्तर उफराटे वाटेल, म्हणून आधी यंत्र पाहू. ठासणीच्या बंदुकीत सगळा कारभार तोंडाकडून. दारू ओता, चिंधी सारा, छर्रे किंवा गोळी टाका, गजाने ठासा, गज आठवणीने बाहेर काढा (विसरलात तर तोही रोह्याच्या दिशेने जातो आणि परत येत नाही), मग पेटवणीची सोय करा. या पेटवणीवरून जाती पडतात. तोड्याच्या बंदुकीला पेटती जामगी लागते. म्हणजे अंधारात दबा धरून बसलेला राखणदार आपण नेमके कुठे आहोत हे रोह्याला उजेडाने आणि वासाने, असे दोन्ही मार्गांनी कळवत राहतो. चकमकीच्या बंदुकीत गारगोटीची ठिणगी रंजकावर पडावी लागते. भुरभुर पावसात ती पडते, पण रंजक ऐकत नाही. टोपीची बंदूक त्यातल्या त्यात चटकन उडते, म्हणून माझ्या यादीतून ती बाद. रायफलच्या नळीत पीळ असतो, गोळी त्यात घट्ट बसवावी लागते आणि ठासायला आणखी वेळ जातो. या हिशेबाने तिचा पहिला नंबर यायला हवा होता. पण पीकराखणीच्या बाबतीत कायद्याच्या डोळ्यांपुढे गुळगुळीत नळीच आहे.

आता गणित. कसलेला शिपाई अशी बंदूक मिनिटाला तीनदा उडवी, म्हणजे दोन बारांमध्ये वीस सेकंद. रोही ताशी चाळीस किलोमीटरने पळाला, तर वीस सेकंदांत तो सव्वादोनशे मीटर पार करतो. गुळगुळीत नळीचा नेम शंभर मीटरच्या आतच देवावर हवाला ठेवायच्या लायकीचा होतो. म्हणजे दुसरा बार फक्त समाधानासाठी. मुळात दुसऱ्या बाराचा उपयोगच नसेल, तर तो लवकर भरता यावा म्हणून जास्त पैसे का मोजायचे?

माझ्या बाजूने सर्वांत वजनदार साक्ष मात्र १९५९च्या शस्त्र कायद्याची आहे. त्याच्या कलम १३मध्ये खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, आणि लगेच पुढे एक परंतुक: ही बंदूक त्या कामाला पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येईल. स्थळ दाखवताना 'मुलगा चांगला आहे, पण याहून बरा हवा असल्यास सांगा' असे म्हणणारा मध्यस्थ मी दुसरा पाहिलेला नाही. शिवाय बंदुकीचा परवाना महसूलकडून आणि ती कोणावर रोखायची याची परवानगी वनखात्याकडून. गोळी एका टेबलावर, निशाणा दुसऱ्यावर. हे दोन कागद एकत्र येईपर्यंत हरभरा काढून बाजारात गेलेला असतो. मंद बंदूक या वेगाशी सुसंगत आहे.

जाणकार म्हणतील, याच जिल्ह्यात असईच्या लढाईत २३ सप्टेंबर १८०३ रोजी ठासणीच्या बंदुकांनीच हिंदुस्थानचे भवितव्य फिरवले. खरे आहे. पण इंग्रज सेनापती वेलस्लीच्या पायदळाने तिथे जवळ जाऊन बार काढला आणि लगेच संगिनी पुढे केल्या. पुन्हा ठासत बसण्यावर त्यांचाही विश्वास नव्हता. उलट शिंद्यांच्या तोफांजवळ मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज मागून उठले आणि त्याच तोफा इंग्रजांच्या पाठीवर डागू लागले. पडलेले रानडुक्कर बघायला जाणाऱ्याने हा प्रसंग ध्यानात ठेवावा. दुसरा दाखला अमेरिकेचा देतात. पेनसिल्व्हेनियात १९७४पासून चकमकीच्या बंदुकांचा वेगळा शिकारी हंगाम आहे. पण तिथे अडचण हीच गंमत आहे. हरीण निसटले तरी शिकारी घरी जाऊन जेवतो. इथे रोही निसटतो तो जेवूनच.

राहिला खरा आक्षेप: ही थट्टा झाली, नुकसान खरे आहे. आहेच. कळप खातो त्याहून जास्त तुडवतो, आणि माळ्यावर रात्र काढणाऱ्याला सकाळी पुन्हा औत धरायचे असते. पण मारणे हाच उपाय मानला, तर त्याचा रस्ता ठासणीकडे जात नाही. बिहारमध्ये २०१६ साली मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून दोनशेहून जास्त नीलगाई मारल्या, आणि त्यावरून दिल्लीत दोन केंद्रीय मंत्री एकमेकांवर धडाडले. एकट्या शेतकऱ्याच्या एका बाराला यातले काहीच जमत नाही. त्याला फक्त आवाज जमतो. मग आवाजच हवा तर गोफण आहे, डबा आहे, शेताभोवती बांधलेल्या जुन्या साड्या वाऱ्यावर फडफडतात. पाइपातली कार्बाइडची बंदूकही आहे. पण २०२५च्या दिवाळीत भोपाळला तिने मुलांच्या डोळ्यांचे जे केले ते पाहता तिच्यापेक्षा साडी बरी.

एवढे ऐकूनही घ्यायचीच असेल, तर लांब नळीची घ्या, बांधावरून शेजाऱ्याला दिसेल अशी. घोडा, दस्ता, नक्षी यांत फार जीव अडकवू नका. गज तेवढा वाकवून, पारखून घ्या. बार फुसका निघाला आणि रोह्यामागे धावायची वेळ आली, की हातात तोच असतो.