मूळचं कुठलं?

दाजी पनामाहून परतले की आमच्या बाल्कनीतल्या कुंड्यासुद्धा अंग चोरून बसतात. तुमच्याही नात्यात असा एखादा वनस्पतिशास्त्रज्ञ असेलच. वर्षातले काही महिने परदेशी जंगलात चिखल तुडवायचा आणि उरलेले महिने घरच्यांचा जीव खायचा.

दाजींचं जंगल बारो कोलोराडो बेटावर. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, खोरं बुडालं आणि एका टेकडीचा माथा तेवढा बेट होऊन वर राहिला. तिथल्या 50 हेक्टरांत किमान एक सेंटिमीटर जाडीचं प्रत्येक झाड दर पाच वर्षांनी मोजतात. टेप लावायचा तो जमिनीपासून 1.3 मीटरवर. खोडं दोन लाखांवर! तिकडे दाजी नुसते शिरगणतीवाले. इकडे उतरले की थेट परकीय नागरिक नोंदणी कार्यालय.

"मूळचं कुठलं?" हा एकच प्रश्न, आणि उत्तरही तेच देणार. गुलमोहर? मादागास्कर. टेकडीवरचं गिरिपुष्प? मध्य अमेरिका. दसऱ्याला ताईने झेंडू आणायला पाठवलं, तर फुलवालीला मेक्सिको समजावत बसले. ती म्हणाली, "काका, माल सासवडचाय. घ्यायचाय का?" देवळातल्या चाफ्यावरून पुजाऱ्याशी काय वाजलं, ते इथे नको.

आषाढी एकादशीला तर कहर झाला. आईने साबुदाण्याची खिचडी वाढली. दाजी चमच्याने एकेक जिन्नस बाजूला सारू लागले. साबुदाणा ज्या कंदाचा, तो दक्षिण अमेरिकेतला. बटाटा अँडीजचा. शेंगदाणे तिकडचेच, मिरचीही तिकडचीच. "आई, यात तूप तेवढं आपलं."

आईने शांतपणे विचारलं, "आणि जावई मूळचे कुठले?"

जावई मिरजेचे. पुढचे घास मुकाट गेले.

आता एक गोष्ट नाइलाजाने सांगतो. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीने फाटकाजवळचा जुना वर्षावृक्ष पार्किंगसाठी पाडायचं ठरवलं. झाड परदेशी, तेव्हा पहिली सही दाजींचीच, असा सेक्रेटरींचा हिशेब. दाजी सभेला आले ते टेप घेऊन. सगळ्यांना खाली नेलं, 1.3 मीटरवर घेर मोजला, ढोलीतली पिंगळ्यांची जोडी दाखवली आणि 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याचा आधार देऊन तिथेच गाडीच्या बॉनेटवर महापालिकेच्या नावे हरकत लिहून काढली. इतके दिवस ज्याचे पितर काढले, त्याच झाडाला टेकून.

"पण दाजी, हे मूळचं कुठलं?" कुणीतरी खवचटपणे विचारलंच.

"मध्य अमेरिका," दाजी मान वर न करता म्हणाले. "राहायला मात्र इथे. तुमच्या आधीपासून."

झाड उभं आहे. अशी माणसं उपासाच्या दिवशी जेवायला बोलावू नका; सोसायटीच्या सभेला मात्र विमानाचं तिकीट पाठवून बोलवा.